एकोणिसावा प्रश्न

वॉर्डात तिला सगळे फॉर्मवाली म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षं एखादी बाई हातात फॉर्म घेऊन लोकांच्या दारात उभी राहिली, तर तिला लोक दुसरं काय म्हणणार?

लोकांची मतं अजमावणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. काम ऐकायला सोपं. दिलेल्या गल्लीत शिरायचं, दर चौथं दार वाजवायचं आणि त्या घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला असेल त्याला बाहेर बोलवायचं. घरातला शहाणा नव्हे, बोलका नव्हे, वाढदिवसवाला. मग तो बहिरा असो, भांडखोर असो, नाही तर नुकताच आंघोळीला गेलेला असो. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. उत्तर ऐकून मान डोलवायची नाही, ‘हो ना’ म्हणायचं नाही, भुवई उचलायची नाही. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी परतल्यावरही तासभर चेहरा कोराच असायचा. नवरा होता तोवर तो म्हणायचा, “अगं, मी तुझ्या यादीतला नाही. चेहऱ्याला सुट्टी दे आता.”

खोटा फॉर्म तिने कधी भरला नाही. तिच्याबरोबरच्या काहीजणी चहाच्या दुकानात बसून पाच-पाच घरं उरकायच्या. सुपरवायझर दहांतला एक फॉर्म उचलून त्या घरी फोन लावायचा, ‘आमच्या बाई येऊन गेल्या का?’ म्हणून. फॉर्मवालीच्या गठ्ठ्याला मात्र त्याने पुढे पुढे हात लावणंच सोडून दिलं. बढती नाही, बक्षीस नाही, पण एवढा मान तिला पुरे होता.

फॉर्ममध्ये एकतीस प्रश्न असत. बस वेळेवर येते का, दवाखान्यात रांग किती, पेन्शन पुरतं का. एकोणिसावा प्रश्न असा: दुसऱ्या देशांतून आपल्याकडे कामाला येणाऱ्या लोकांची संख्या वाढवावी, आहे तेवढीच ठेवावी, की कमी करावी? आणि अगदी शेवटचा, एकतिसावा: उद्या निवडणूक झाली तर मत कोणाला द्याल? पक्ष तसे पाच-सहा, पण खरे दोनच. एकाची निशाणी चाक, दुसऱ्याची तराजू. चाक कारखान्यांतल्या आणि डेपोंतल्या माणसांचं, तराजू दुकानदारांचा आणि मालकांचा. निदान ती कामाला लागली तेव्हा तरी असं होतं.

तेव्हा एकोणिसाव्या उत्तरावरून एकतिसावं काही केल्या ओळखता यायचं नाही. बस डेपोतले लोक बोटांवरचं ग्रीस पुसत पुसत सांगायचे, “कमी करा. ते अर्ध्या पगारात राबतात, मग आम्हाला कोण विचारतो?” आणि मत चाकाला. शर्टांच्या कारखान्याचा मालक म्हणायचा, “येऊ द्या की! चाळीस मशिनं माणसांवाचून पडून आहेत माझी.” आणि मत तराजूला. एक निवृत्त शिक्षिका म्हणायच्या, येऊ द्या, आणि मत चाकाला. त्यांच्या समोरचा औषधवाला म्हणायचा, कमी करा, आणि मत तराजूला. सगळी खिचडी. पण तिला त्यात मजा यायची. बारा प्रश्नांच्या प्रवासात माणूस कुठल्या कुठे जाऊन उतरायचा.

मग हळूहळू मजा गेली. एका निवडणुकीत तराजूच्या पुढाऱ्यांच्या लक्षात आलं, की बाहेरच्यांचं नाव काढलं की सभेत मागच्या खुर्च्यांवरचे लोकही पुढे येऊन बसतात. तेव्हापासून त्यांनी दुसरं काही बोलणं जवळपास सोडलं. कारखान्याचा मालक गप्प झाला. माणसं ठेवत राहिला, पण गप्प झाला. तिकडे चाकाच्या कचेरीत प्राध्यापक, वकील, चांगल्या सोसायट्यांतली मंडळी यायला लागली. ही मंडळी म्हणायची, माणूस हा माणूस, त्याला आतला-बाहेरचा काय. बोलायची फार सुंदर. त्यांच्या सोसायटीत बाहेरच्याला खोली भाड्याने द्यायची नाही असा ठराव होता, तो त्यांच्याच फाटकाजवळच्या फळ्यावर तिने वाचला होता. पण फॉर्ममध्ये तसा प्रश्न नव्हता.

पंधराव्या वर्षी ती एकोणिसावं उत्तर ऐकतानाच पेन एकतिसाव्या चौकटीवर नेऊन ठेवायची, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरायची. एकदा एका गृहस्थाने एकोणिसावा प्रश्न ऐकला, डोकं खाजवलं आणि आत वळून हाक मारली, “अगं, आपण बाहेरच्यांबद्दल काय म्हणतो?”

आतून कढईच्या आवाजावरून उत्तर आलं, “कमी!”

“कमी,” गृहस्थ म्हणाला आणि मोकळा झाला.

फॉर्मवालीने भुवईसुद्धा हलवली नाही. पण त्या दिवशी जिना उतरताना तिला दादाची आठवण झाली आणि पायरीवर उभ्या उभ्या तिला वाईट वाटलं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. बस डेपोत मेकॅनिक, इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगणारा. सतराव्या वर्षापासून चाकाचा सभासद. त्यांचे वडील चाकाच्या मोर्चात डोकं फोडून घेऊन आले होते, त्यामुळे घरात दुसऱ्या पक्षाचं नावही निघत नसे. दादाचं मत पहिल्यापासून ठरलेलं: मालक पगार पाडायला बाहेरची माणसं आणतात, म्हणून ती कमी यावीत. पण आलेल्या माणसाशी त्याचं वैर नव्हतं. डेपोत बसगाड्या धुणारे सगळे बाहेरचे होते. त्यांच्या हाताला रबरी मोजे मिळावेत म्हणून दादानेच दोन दिवस काम बंद पाडलं होतं. “आणायला नको होते,” तो म्हणायचा, “पण आणलेत ना? मग नीट वागवा.”

एकदा चाकाच्या शाखेच्या बैठकीत तो हेच बोलला. फॉर्मवाली मागच्या बाकावर बसली होती. पुढे एक तरुण वकीलबाई नव्याने आलेल्या. त्या उठून म्हणाल्या, “अशी भाषा आपल्या पक्षात शोभत नाही. आम्हाला लाज वाटते.”

दादा म्हणाला, “बाई, ही भाषा पक्षाच्याच पत्रकातली आहे. मी स्वतः वाटलंय ते, डेपोच्या फाटकावर. तुम्ही तेव्हा शाळेत असाल.”

“मग ते पत्रक चूक होतं.”

“आणि मी?”

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. तीस वर्षं ज्यांच्याबरोबर दादाने खांद्याला खांदा लावून फलक धरले ती माणसं आपापल्या चहाच्या पेल्यात बघत बसली. दादा उठला, आपली खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि बाहेर पडला. फॉर्मवाली त्याच्यामागे गेली नाही. नवरा शेजारी होता, बैठक चालू होती, उठणं बरं दिसलं नसतं. पुढे तिला पुष्कळदा वाटलं, की तेव्हा उठायला हवं होतं.

महिनाभरात तराजूचे लोक दादाच्या घरी आले. त्यांनी त्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. चाकाचा जुना कार्यकर्ता आपल्याकडे आला, हे मिरवायला त्यांना तो हवाच होता. दादा बहिणीला म्हणाला, “मी कुठे हललो नाही. मी आहे तिथेच आहे. चाकच निघून गेलं.”

तेव्हा ते खरं होतं. पण तराजूत गेल्यावर दोन-तीन वर्षांत दादा हलला. गेला होता एका प्रश्नासाठी, आणि उरलेल्या तीस प्रश्नांची उत्तरं तिथलीच घेऊन आला. ज्या पेन्शनसाठी तो भांडला होता त्याला तो ‘फुकटेपणा’ म्हणायला लागला. बसगाड्या खासगी कंत्राटदाराला दिल्या तरी चालेल म्हणायला लागला. डेपोत गाड्या धुणाऱ्यांविषयी जे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते, ते जेवता जेवता सहज निघायला लागले. फॉर्मवालीला हे दिसत होतं. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःचंही दिसत होतं. कामाला लागली तेव्हा एकोणिसाव्या प्रश्नाला तिचं मनातलं उत्तर दादाचंच होतं: कमी. आता ते ‘वाढवावी’ झालं होतं. कधी झालं, कोणत्या बैठकीनंतर झालं, कोणी पटवून दिलं, ते तिला सांगता आलं नसतं. दादा तेच जुनं उत्तर तराजूच्या सभेतून द्यायला लागला म्हणूनही झालं असेल.

नवरा गेला, आणि आई तिच्याकडे राहायला आली. दादाचं घर दोन गल्ल्या सोडून. तो रोज संध्याकाळी आईला भेटायला यायचा. भाऊ-बहीण राजकारण सोडून सगळं बोलायचे, म्हणजे हवापाणी आणि आईचं पोट. मग एके दिवशी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आई उठून चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. फॉर्मवालीला दिवसभर बाहेर असावं लागे. वहिनीची स्वतःची कंबर धरलेली. माणूस हवं होतं.

माणूस आणलं दादानेच. डेपोत गाड्या धुणाऱ्या एकाची बायको, दुसऱ्या देशातली. नवरा अपघातात गेला होता आणि ती एका शिवणवर्गाच्या मागच्या खोलीत राहत होती. पस्तिशीची, रुंद मनगटांची, हळू बोलणारी. भाषा येत होती, पण ‘ळ’ म्हणता यायचा नाही. पहिल्या दिवशी तिने आईला उचलून खुर्चीत बसवलं, केस विंचरले, नखं कापली आणि विचारलं, “आजी, सकाली काय खाता?”

आई म्हणाली, “सकाली मी शिव्या खाते, या माझ्या लेकीच्या.” दोघी हसल्या, आणि तिथून त्यांचं जमलं. आठवडाभरात आई तिला धाकटी म्हणायला लागली. “मला तीन मुलं,” येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. “एक तराजूवाला, एक चाकवाली आणि एक कामाची.”

दादालाही धाकटी आवडायची. तिच्या सायकलची चेन त्याने बसवून दिली, ब्रेक घट्ट करून दिले. ती त्याला भाऊ म्हणायची. संध्याकाळी तो तराजूच्या सभेत बाहेरच्यांविरुद्ध बोलून यायचा आणि इथे येऊन धाकटीच्या हातचा चहा प्यायचा. एकदा फॉर्मवालीने न राहवून विचारलंच, “दादा, तू सभेत म्हणतोस ते हिच्याबद्दलच आहे ना रे?”

“हिच्याबद्दल कशाला?” तो खरोखर चकित झाला. “ही आपली आहे. मी त्या बाकीच्यांबद्दल बोलतो.”

बाकीचेही कोणाच्या ना कोणाच्या घरी चहा करत असतील, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण आई ऐकत होती.

चार वर्षं अशी गेली. मग तराजूचं सरकार आलं. दादाने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. निकालाच्या संध्याकाळी तो आईच्या पाया पडायला आला तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. पक्षाने दादाला वॉर्डप्रमुख केलं. पाच महिन्यांनी परवान्यांचा नवा नियम निघाला: घरकाम आणि शुश्रूषा करणाऱ्या परदेशी माणसांचे परवाने वाढवले जाणार नाहीत. अपवाद एकच. आजारी माणसाच्या पोटच्या दोन मुलांनी हमीपत्रावर सह्या करायच्या, की हे माणूस आम्हाला हवंच आहे आणि त्याची जबाबदारी आमची. सून चालणार नाही, जावई चालणार नाही. आईला पोटची मुलं दोनच. एक सही फॉर्मवालीने तिथल्या तिथे केली. दुसरी दादाची हवी होती.

दादा आठ दिवस आलाच नाही. मग आला तो उभ्याउभ्याच. हमीपत्र टेबलावर होतं. धाकटी आईचे पाय चेपत होती. ती उठून आत गेली.

“अगं, मला समजून घे,” तो म्हणाला. “हा नियम व्हावा म्हणून मी घरोघर फिरलो. आता मीच अपवाद मागायचा? लोक काय म्हणतील?”

“लोकांना कळणार कसं? कागद कचेरीत जाईल, फाइलमध्ये पडेल.”

“तत्त्व म्हणून काही आहे की नाही?”

आई पलंगावरून म्हणाली, “तुझं तत्त्व मला संडासला नेणार आहे का रे?”

दादाने तोंड फिरवलं.

“तुझ्या बापाने मोर्चात डोकं फोडून घेतलं,” आई म्हणाली, “आणि तुला एक सही करवेना. आण ते पेन, दे त्याच्या हातात.”

दादा खाली बसला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. सही केली, त्याची नेहमीची, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी ओढलेली. “कोणाला बोलू नकोस,” तो म्हणाला. “शपथ आहे.” धाकटी आतून चहा घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. दादाने चहा घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

आता यापुढे जे झालं त्यात फॉर्मवालीचा हात होता, आणि हे तिने स्वतःपासून कधी लपवलं नाही.

नियम निघाला तेव्हा, दादा सही करणार नाही असं धरून, ती वकीलबाईंकडे गेली होती. त्याच, शाखेतल्या. आता त्या चाकाच्या वॉर्डातल्या उमेदवार होत्या. त्यांनी आपुलकीने बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आपण हे लावून धरू. तुमच्या आईंचा आणि त्या बाईंचा एक फोटो हवा, हातात हात घेतलेला.” धाकटीने फोटोला नाही म्हटलं. चेहरा छापून आला तर तिकडच्या घरी कळेल, तिथे सासू आहे, उगाच काळजी करेल, असं तिचं म्हणणं. फोटो नाही म्हटल्यावर वकीलबाईंचा फोन लागेनासा झाला. एकदा लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “हमीपत्र भरलंत की एक प्रत पाठवा, नजर टाकते.”

सही झाल्यावर फॉर्मवालीने ती प्रत पाठवली. चूक राहू नये, एवढंच तिच्या मनात होतं. शिवाय फोनही केला. म्हणाली, “काम झालं हो. दादाने सही केली.” हे सांगताना तिच्या आवाजात जे होतं तो अभिमान होता. तुमच्या बैठकीतून तुम्ही उठवलेला माणूस बघा कसा निघाला, असं तिला त्या बाईला ऐकवायचं होतं. शपथ आठवली ती फोन ठेवल्यावर.

वॉर्डाच्या निवडणुकीला बारा दिवस उरले असताना दारोदार पत्रक पडलं. वर मोठ्या अक्षरांत: ‘तराजूच्या वॉर्डप्रमुखांना त्यांच्या घरात परदेशी बाई चालते!’ खाली हमीपत्राचा फोटो. धाकटीचं नाव काळ्या पट्टीने झाकलेलं, दादाची शेपटीवाली सही मात्र ठळक. फॉर्मवाली धावत वकीलबाईंच्या कचेरीत गेली. तिथे पत्रकांचे गठ्ठे बांधणं चालू होतं.

“हे काय केलंत तुम्ही?”

“बसा ना,” वकीलबाई म्हणाल्या. “तुमचा राग समजू शकते. पण हा ढोंगीपणा लोकांसमोर यायला नको का? आणि बघा, तिचं नाव झाकलंय आम्ही.”

“अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे ती कोण ते. तिचं आता काय होईल?”

“तेच तर. तिच्यासारख्या हजारोंसाठीच चाललंय हे सगळं.”

फॉर्मवालीला तिथे बरंच बोलायचं होतं. पण सव्वीस वर्षांची सवय. चेहरा कोरा झाला आणि ती जिना उतरून आली.

दादाला पक्षाच्या कचेरीत बोलावणं आलं. आत काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं निवेदन आलं: ती सही माझी नाही. माझी बहीण चाकाची आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या नावाने कोणी सही केली असेल तर तिला विचारा.

आईला पेपर वाचून दाखवायचं काम धाकटीचं होतं. त्या दिवशी तिने ते पान वाचलं नाही, हवामान वाचलं.

दाखल केलेल्या हमीपत्राबद्दल परवाना कचेरीतून आठवड्याने पत्र आलं. फॉर्मवाली कागद घेऊन गेली. खिडकीमागचा कारकून वयाने दादाएवढाच होता, आणि वाईट माणूस नव्हता. त्याने फाइल उघडली आणि आवाज खाली आणला.

“बाई, हमीदाराने सही नाकारली आहे. प्रतिज्ञापत्र करून. म्हणजे अर्ज रद्द झाला.”

“सही त्याचीच आहे. माझ्यासमोर केली.”

“असेल. मग तसं लिहून द्या. सही तपासायला जाईल, सहा महिने लागतील. त्याची ठरली, तर खोटं प्रतिज्ञापत्र केलं म्हणून त्याच्यावर खटला होईल. आत जाईल तो.”

“आणि आमची बाई? तेवढ्यात तिला राहता येईल?”

“नाही. तिला महिनाअखेर जावंच लागेल. तपास चालू असताना परवाना मिळत नाही.”

“आणि मी लिहून नाही दिलं तर?”

कारकुनाने फाइलचं पान उलटलं. “मग सही तुम्ही केलीत असं नोंदवलं जाईल. पहिलीच वेळ, वय झालेलं, त्यामुळे खटला वगैरे करणार नाही. ताकीद देऊन सोडू.”

ती खिडकीशी उभी राहिली. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं. लिहून दिलं तरी धाकटी जाणार, नाही दिलं तरी जाणार. फरक एवढाच, की एका कागदाने दादा तुरुंगात जाणार होता आणि दुसऱ्याने ती खोटी ठरणार होती. तिने कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि काही न लिहिता निघून आली. भावाला वाचवलं म्हणून मनाला बरं वाटेल, अशी तिची अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही. भरल्या बसमध्ये दांडीला धरून उभी असताना तिला फक्त राग येत होता, आणि तो नेमका कोणाचा ते ठरत नव्हतं. दादाचा येत होता, वकीलबाईंचा येत होता, आणि फिरून फिरून स्वतःच्या त्या फोनपाशी येऊन थांबत होता.

ताकीद कंपनीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सुपरवायझरने तिला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पण स्वतः उभाच राहिला.

“बाई, माझा विश्वास आहे तुमच्यावर,” तो म्हणाला. “पण वरचे म्हणतात, ज्या बाईवर खोट्या सहीचा ठपका आहे तिच्या फॉर्मांवर गिऱ्हाईक कसा भरवसा ठेवणार? आपलं काम म्हणजे शेवटी विश्वासच ना.”

“खरं आहे,” ती म्हणाली. पॅड आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि बाहेर आली. तिने जन्मात एकही खोटा फॉर्म भरला नव्हता, आणि खोटेपणाच्या ठपक्यावरूनच तिला काढलं.

धाकटी गेली त्या दुपारी बसस्थानकावर फॉर्मवाली सोडायला गेली. एक मोठी बॅग, एक आईने दिलेली शाल. वहिनी घरी आईपाशी बसली होती. आईला सांगितलं होतं, की धाकटी चार दिवस सासूकडे जाऊन येणार आहे. आईने धाकटीचा हात धरून ठेवला होता आणि म्हणाली होती, “खोटं बोलता तर नीट तरी बोला गं.”

फलाटावर वकीलबाई हजर होत्या. बरोबर कॅमेरा घेतलेला एक माणूस. “निरोप द्यायला आले,” त्या म्हणाल्या. धाकटीने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, ओढणी चेहऱ्यावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, बस लागेपर्यंत. बस लागल्यावर ती फॉर्मवालीला म्हणाली, “ताई, आजींना डाव्या कुशीवर जास्त वेल ठेवू नका. तिथे कातडी पातल झालीय.” रडली नाही. चढताना एवढंच म्हणाली, “भाऊंना सांगा, सायकल मी शिवणवर्गाच्या बाईंना दिली.”

निवडणूक तराजूनेच जिंकली, आधीपेक्षा जास्त मतांनी. पत्रकाचा उपयोग झाला तो इतकाच, की दादाला ‘प्रकृतीच्या कारणाने’ वॉर्डप्रमुख पदावरून मोकळं केलं. पहिल्या रांगेतली खुर्ची दुसऱ्याला मिळाली. वकीलबाई हरल्या, पण पुढच्या वर्षी पक्षाने त्यांना वरच्या समितीवर घेतलं. धाकटीवर त्यांनी एक लेख लिहिला. तो चांगला लिहिला होता असं ऐकलं. फॉर्मवालीने वाचला नाही.

आईला एकटीने उचलणं फॉर्मवालीला झेपेना. दोन दिवस तिने प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी दोघी मायलेकी खाली कोसळल्या आणि अर्धा तास तशाच फरशीवर बसून राहिल्या. शेवटी वहिनीने पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दादा आला. बेल वाजवली नाही, दारावर टकटक केली. चपला बाहेर काढल्या. बहिणीकडे न बघता आत गेला आणि आईच्या खांद्यांखाली हात घातले. फॉर्मवालीने पाय धरले. “एक, दोन, तीन,” दादा म्हणाला, आणि आई खुर्चीत बसली.

मग तो रोज यायला लागला. सकाळी सातला खुर्चीत, संध्याकाळी सहाला पलंगावर. एक, दोन, तीन. याखेरीज भाऊ-बहिणीत एक शब्द नाही. चहा ती करत नसे आणि तो थांबत नसे. एकदा त्याच्या हातातून आईचा खांदा निसटला, तेव्हा तो चटकन “अगं, धर!” म्हणाला आणि लगेच ओठ घट्ट मिटून घेतले. आई दोघांच्या मधे लोंबकळत असताना एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायची. सुरुवातीला काही बोलायची. पुढे पुढे तिनेही सोडून दिलं. धाकटी कधी येणार, हे तिने एकदाही विचारलं नाही. फक्त डाव्या कुशीवर वळवलं की कण्हायची. तिथली कातडी फाटली होती. जखम भरली नाही.

आठ महिन्यांनी आई गेली. तिचं सगळं दोघांनी मिळून केलं. येणाऱ्यांना दोघे शेजारी शेजारी उभे दिसले, आणि लोक म्हणाले, मुलांनी आईचं फार केलं हो. सगळं आटोपल्यावर दादाने खुर्ची उचलून बाहेर ठेवली, पलंगाच्या चादरी काढून घड्या केल्या, दारात जरासा थांबला. फॉर्मवालीला वाटलं, आता बोलेल. कदाचित त्यालाही वाटलं असेल, ही बोलेल. दोघांचेही चेहरे कोरे होते.

मग त्याने चपला घातल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिला आपोआप जाग आली. ती उठून बसली, आणि टकटक होणार नाही हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला.